साबेराबीची चार नंबरची खोली

वाकळीची चौथी कड अर्धी शिवून झाली आणि दोरा संपला. सुई कापडात तशीच टोचली, वाकळ घडी करून पाटावर ठेवली आणि ही वही घेऊन बसले. दुपारची भांडी झाली आहेत. आरती आत गंगीला झोपवते आहे. दार सताड उघडं आहे. शेजारी पत्रे ठोकायचं काम चालू आहे आणि ते थांबवायला आमच्या घरातलं कुणी गेलेलं नाही. दोन महिन्यांपूर्वी मीच गेले असते.

ही कड एकदा शिवून झाली होती. नांदेडला खिळ्याला अडकून फाटली. फाडली ती साबेराबीनं. रोजच्या चार ओळींत मी काय स्वयंपाक केला, कोण आलं-गेलं, सोमवारी मठात किती वेळ बसले एवढंच लिहिते. आज साबेराबीचं लिहायचं आहे.

गंगी माझी नात. माझा मुलगा दयानंद आणि सून आरती यांची. नाव गंगम्मा, माझ्या सासूबाईंचं ठेवलेलं. दोन वर्षं तीन महिन्यांची झाली. ती हसते, रुसते, भाकरीचा पापुद्रा हवा असला की बोट दाखवून मागते. पण तोंडातून शब्द नाही. आई नाही, मला अव्वा नाही.

आरतीनं पहिल्यांदा विषय काढला तो दिवाळीत. अंगणात सुतळी बॉम्ब वाजला, आम्ही सगळे दचकलो आणि गंगी रांगोळीतला रंग बोटाला लावत बसली होती. आरती म्हणाली, "अत्या, हिला ऐकू आलं न्हाई वाटतं."

मी म्हणाले, "निडर हाय ती. ज्यांचं नाव ठेवलं त्यांच्यावर गेली."

संक्रांतीला कुकरच्या शिट्टीवरून ती पुन्हा बोलली. तेव्हा मी जरा कडक झाले. "तुझ्या माहेरी सगळेच उशिरा बोलतात. तुझा भाऊ चौथं लागल्यावर बोलला, तुझ्याच आईनं सांगितलंय मला." आरती कुकर उतरवायला उठली. माझ्यापुढे ती फार बोलत नाही.

माझ्याजवळ एक पुरावा होता. रोज सकाळी माझी लिंगपूजा झाली की मी गंगीच्या कपाळाला विभूती लावते, तोंड तिच्या कानाशी नेते आणि हळूच "ओम नमः शिवाय" म्हणते. ती खांदा वर करते आणि खुदकन हसते. एक दिवस चुकला नाही. मी घरातल्यांना बोलावून दाखवायची, "बघा, नाव ऐकून हसती." आमचे हे मान डोलवायचे. त्या हसण्यावर मी दहा महिने काढले.

आणि घरात आम्ही काय करत होतो? गंगी झोपली की कुजबुजत बोलायचं. मिक्सर लावायचा नाही. यांनी बातम्यांचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायची सवय लावून घेतली. कोपऱ्यावर हॉर्न वाजवणाऱ्या टमटमवाल्याला दोनदा झापलं, "लेकरू झोपलंय, कळत न्हाई का?" औशाच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं की या घरासमोर आवाज करायचा नाही. अशा घरात कुणाला काय कळणार?

शेवटी खोकल्यासाठी लातूरला नेली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे टाळी वाजवून पाहिली. दोनदा, तीनदा. मग चिठ्ठी लिहिली. नांदेडला कानाच्या दवाखान्यात जायचं. तपासणी लेकरू गाढ झोपलेलं असताना करतात. डोक्याला वायरी चिकटवतात, तासभर लागतो, आणि मधे जागं झालं तर सगळं वाया. मशीन चालवणारी बाई फक्त गुरुवारी येते.

पहिल्या खेपेला हॉटेल दयानंदनं फोनवर पाहिलं. "अव्वा, हे बघ. शांत परिसर. लहान मुलांसाठी उत्तम. लिफ्ट हाय." आम्ही सगळ्यांनीच एक गोष्ट त्याला बजावून सांगितली होती, आवाज नको. त्यानं तसंच शोधलं. चौथा मजला, खोली इतकी शांत की मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. भिंती पांढऱ्या, चादरी पांढऱ्या, पडदाही पांढरा आणि पातळ. मधोमध काचेचं टेबल, त्याचा कोपरा बरोबर गंगीच्या कपाळाच्या उंचीला. पलंग कमरेएवढा. बाथरूमच्या फरशीवर माझाच पाय घसरला. एक जण टेबलाशी, एक जण प्लगशी, एक जण दाराशी, अशी आम्ही तिघं दिवसभर पहारा देत होतो. गंगी काही झोपली नाही. पडद्यावर बाहेरचा उजेड हलला की तिचे डोळे तिकडे. दयानंद कंटाळून म्हणाला, "एवढी शांतता हाय, तरी झोपत कशी न्हाई?"

दवाखान्यात ती रडून रडून लाल झाली. झोपेचं औषध पाजलं, ते तिनं ओकून टाकलं. मशीनवाली बाई तासभर थांबली, मग तिनं वायरी गुंडाळल्या. डॉक्टरीण तरुण होती, बोलायला मऊ. म्हणाली, "आज्जी, पाच आठवड्यांनी या. पण ही तारीख चुकवू नका. त्यानंतर दोन महिने मशीनवाल्या मॅडम नाहीत. आणि हिची बोलायला शिकायची हीच वर्षं आहेत, ती अशी हातातून घालवता येत नाहीत."

दुसऱ्या खेपेला दयानंदला रजा मिळाली नाही. तो बियाणांच्या दुकानात आहे आणि रब्बीची पेरणी तोंडावर होती. मी आणि आरती अशा दोघीच निघालो. मी म्हणाले, "हॉटेल मी बघते. फोनवर न्हाई, डोळ्यानं."

दयानंद हसला. "अव्वा, हॉटेल म्हणजे वांगी न्हाईत दाबून बघायला."

"दाबूनच बघणार हाय," मी म्हणाले.

बुधवारी सकाळी लातूरहून बस धरली. लोह्याला बस थांबली तेव्हा बसमध्येच भाकरी-चटणी खाल्ली. नांदेडला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दवाखान्यापासून पायी जाता येईल अशा तीन जागा होत्या. पहिल्या जागी काउंटरवरच्या माणसानं गंगीकडे बघून विचारलं, "लेकरू रडतं का? बाकीच्या गिऱ्हाइकांची तक्रार येती."

आरती एरवी बोलत नाही, पण उन्हानं तीही तापली होती. म्हणाली, "रडतं. तुमचं कधी रडलंच न्हाई का?" आम्ही बाहेर पडलो.

दुसऱ्या जागी खोली स्वच्छ होती, पण गॅलरीच्या गजांतून माझी मूठ सहज आरपार गेली. तिथं दोन वर्षांच्या लेकराचं डोकं जाईल. तीही सोडली.

तिसरं मुनीबभाईंचं लॉज. दुमजली, जुनं, दवाखान्याच्या अगदी समोर. काउंटरवर स्वतः मुनीबभाई बसले होते. मी त्यांना म्हणाले, "आम्हाला एकदम शांत खोली पाहिजे. मागच्या बाजूची. उद्या लेकराची तपासणी हाय, झोप मोडायला नको."

"वरची नऊ नंबर घ्या. मागं नुसतं मोकळं मैदान हाय, चिमणीचा आवाज न्हाई," ते म्हणाले आणि चावी काढली.

जिन्याखालच्या कोपऱ्यातून आवाज आला, "नऊ नको, मालक. चार द्या."

तिथं एक बाई चादरींच्या घड्या घालत बसली होती. किडकिडीत, ओढणी कमरेला खोचलेली, भुवईत कापसाचा धागा अडकलेला. ती साबेराबी. मुनीबभाईंनी चावी परत अडकवली आणि मला म्हणाले, "लॉज माझं हाय, पण खोली कुणाला कोणती द्यायची ते ही ठरवती. माझ्या वडिलांपासून असंच चाललंय. मी नुसती सही घेतो."

चार नंबर तळमजल्यावर, रस्त्याच्या अंगाला. दार उघडलं आणि मी थबकले. येताना बाहेर पाहिलेला जनरेटर याच खिडकीपासून हातभर अंतरावर होता. पलीकडे रस्ता, ऑटो, हॉर्न, फळांच्या गाड्यांचा आरडाओरडा. मी म्हणाले, "बाई, तुम्ही ऐकलं न्हाई वाटतं. आम्हाला शांत पाहिजे."

साबेराबीनं आत जाऊन दिवा बंद केला. खोलीत काळोख झाला. खिडकीवर बाहेरून एका दुकानाची मोठी पाटी आलेली, उजेड येत होता तो फक्त वरच्या एका फटीतून. ती म्हणाली, "अक्का, नऊ नंबरमध्ये दिवसभर ऊन येतं, भिंती चमकतात. इथं पायऱ्या न्हाईत. गादी खाली टाकते, पलंग उभा करून भिंतीला लावते, पडायची फिकर न्हाई. प्लगला मी पट्ट्या मारल्यात. बाथरूमची कडी वर हाय, लेकराचा हात पोचत न्हाई. गादी कापसाची, माझ्या हातची. फोमवर लेकरू घामानं उठतं."

"आणि हा आवाज?"

ती गंगीकडे बघत होती. गंगी दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्टीत हात घालून सावली पाडत होती. साबेराबी हळू आवाजात म्हणाली, "आवाजाची धास्ती तुम्हाला हाय, अक्का. लेकराला उजेडाची हाय."

मला राग आला. मी म्हणाले, "माझी नात ऐकते. रोज सकाळी तिच्या कानात मी देवाचं नाव घेते, ती हसते. तुम्हाला काय माहीत?"

तिनं वाद घातला नाही. "घ्या ना नाव. आमच्यात पण लेकरू जन्मलं की कानात अजान देतात. नाव घेणं सोडू नका, अक्का. पण खोली चारच घ्या."

मी आरतीकडे पाहिलं. तिनं पिशवी आधीच खाली ठेवली होती.

त्या दुपारी साबेराबीनं खोलीचा एक कोपरा पुसून घेतला आणि तिथं धुतलेली कोरी चादर चौघडी घालून ठेवली. मी काही सांगितलं नव्हतं. गळ्यातलं लिंग पाहून तिनं ओळखलं असावं. "सकाळी तुमच्या पूजेला होईल," म्हणाली, आणि बाहेर जाऊन दार लोटून घेतलं.

गुरुवारी तपासणी दुपारी एकला होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की लेकराला पहाटे उठवा आणि मधे डुलकी लागू देऊ नका. पहाटे पूजा करून गंगीला उठवलं. नाव कानात घेतलं, ती हसली. सात वाजेपर्यंत ती खेळली, मग डोळे चोळायला लागली. आम्ही दोघी तिला नाचवत होतो, तोंडाला पाणी लावत होतो. नऊला आरती रडकुंडीला आली. तेव्हा साबेराबी आली आणि म्हणाली, "वर चला. आमच्या म्हाताऱ्याकडं."

गच्चीवर एक गादी उसवून पडली होती. तिच्याजवळ साबेराबीचा नवरा निजामोद्दीन कापूस मोकळा करत बसला होता. साठीचा माणूस, दाढी कापसासारखीच. गंगीला त्या कापसात सोडलं आणि तिची झोपच उडाली. ती मुठी भरून उधळायची, निजामोद्दीन तो पुन्हा गोळा करायचा. दोघंही एक शब्द न बोलता तासभर खेळली.

तिथं बसून साबेराबीनं मला तिचं सांगितलं, अगदी तुकड्यातुकड्यानं, हातातलं काम चालू ठेवून. ती मूळची लोह्याची. लग्न करून नांदेडला पिंजाऱ्यांच्या घरात आली. सासरे धनुकली खांद्यावर टाकून दारोदार कापूस पिंजायचे. निजामोद्दीननं मशीन घेतलं. पत्र्याची शेड, आत मशीन, ही कापूस घालणार, तो चालवणार. एकतीस वर्षं. "शेडमध्ये आम्ही नवरा-बायको कधी भांडलो न्हाई," ती म्हणाली. "ऐकूच यायचं न्हाई तर भांडणार कसं?" आणि स्वतःशीच हसली.

त्या मशीनपायी त्याचे कान गेले. हळूहळू. आधी पहाटेची अजान ऐकू येईनाशी झाली. ही त्याच्या पायाला हात लावून उठवायची आणि वाटायचं, थकलाय, म्हणून उठत नाही. लेक अर्शी हाका मारायची आणि तो वळायचा नाही, तर हीच लेकीला रागवायची, "अब्बा कामात हायेत, तरास देऊ नको." असं तीन वर्षं गेलं. साबेराबी म्हणाली, "मी बायको त्याची. मलाच कळलं न्हाई. कळलं न्हाई असं पण न्हाई, अक्का. कळून घेतलं न्हाई."

ती माझ्याकडे बघत नव्हती. चादरीच्या कडेचा दोरा दातानं तोडत होती.

पुढे लोक फोमच्या गाद्या घ्यायला लागले. मशीन बंद पडलं. मुनीबभाईंचे वडील मात्र लॉजच्या गाद्या दरसाल यांच्याकडूनच पिंजून घ्यायचे. त्या कामाला ती आली आणि इथंच राहिली. दवाखाना समोर असल्यानं कानाची लेकरं येतच असतात. कोणतं लेकरू आवाजानं उठतं, कोणतं उजेडानं, कोणतं नुसत्या जमिनीच्या हादऱ्यानं, हे ती आल्या आल्या बघते. त्यावर खोली देते.

"तुमची मी काल दारातच पाहिली," ती म्हणाली. "मालकानं मागून गुड्डी, गुड्डी म्हणून हाक मारली. तिनं मान वळवली न्हाई. पंख्याची सावली हलली तशी वर बघितलं." मग म्हणाली, "माझं चुकत पण असंल. डॉक्टर सांगंल ते खरं."

समोर निजामोद्दीन गंगीला काही दाखवत होता. त्यानं एक जुना डबा पालथा घातला, तिचा तळहात डब्यावर ठेवला आणि दुसऱ्या बाजूनं बोटं वाजवली. गंगी चमकली. डब्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा हात ठेवला. साबेराबी म्हणाली, "मशीन नीट चालतंय का, ते शेवटी शेवटी तो असंच बघायचा. हात ठेवून."

साडेअकराला गंगी माझ्या खांद्यावर मान टाकायला लागली. साबेराबी उठली. "आता खाली. दवाखान्यात न्या आणि झोपवा, असं करू नका. तिथं पांढरे दिवे हायेत, घाबरती. इथंच झोपू द्या. गाढ झोपली की उचलून न्या. रस्ता ओलांडायचा तेवढाच."

वरच्या फटीतून येणारा उजेड झाकायला तिनं माझी वाकळ मागितली. सासूबाईंच्या दोन जुन्या काळपट इरकली लुगड्यांची वाकळ, गंगीसाठीच शिवलेली. साबेराबीनं तिचे टाके उलटून पाहिले, "हात चांगला हाय," म्हणाली, आणि स्टुलावर चढून ती खिळ्याला अडकवली. खोली काळीभोर झाली. बाहेर हॉर्न, ऑटो, माणसं. आरतीनं गंगीला पोटाशी घेतलं आणि दहा मिनिटांत ती झोपली.

मग लाइट गेली. जनरेटर सुरू झाला. खिडकी थरथरली, आरतीनं डोळे गच्च मिटले. मी गंगीच्या तोंडाकडे बघत राहिले. तिचा श्वास एकसारखा चालला होता. ओठावर थुंकीचा एक बुडबुडा येत होता, जात होता.

आरती डोळे न उघडता म्हणाली, "अत्या."

"हं."

"काही न्हाई."

साडेबाराला निघायचं होतं. साबेराबीनं वाकळ घाईनं ओढली, ती खिळ्याला अडकली आणि कड टर्रकन फाटली. ती "या अल्ला" म्हणाली, पण फाटलेलं बघायला वेळ नव्हता. तिनं तीच वाकळ गंगीच्या तोंडावर सावलीसारखी धरली. मी गंगीला उचललं. आरती पिशवी घेऊन पुढे.

रस्ता चाळीस पावलांचा असेल. आजवर एवढा लांब रस्ता मी चालले नाही. माझ्या उजव्या हाताशी एका ट्रकनं हॉर्न दिला. माझ्या बरगड्यांना तो लागला. ऑटोवाला ओरडला, "ओ आज्जी, सरका की!" फळवाल्याचा भोंगा सुरू होता. आणि मी देवाजवळ मागत होते. काय मागत होते ते इथं खरं लिहिते. ही उठू दे, असं मागत होते. एकदा दचकून रडू दे. तपासणी वाया गेली तरी चालेल, दोन महिने थांबू, पण ह्या हॉर्ननं हिला उठव. रस्त्याच्या मधोमध माझा पाय अडला.

साबेराबी मागून माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "चला अक्का. झोपू द्या तिला."

मी चालले. गंगी उठली नाही.

दवाखान्यात मशीनवाल्या बाईनं गंगीच्या कपाळावरची विभूती ओल्या बोळ्यानं पुसली, कारण वायर तिथंच चिकटवायची होती. मी नको म्हणणार होते, तरी तिचं डोकं हळूच धरून ठेवलं. तासाभरानं डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. कागदावर रेघा होत्या, जवळजवळ सरळ. दोन्ही कान. तिनं सावकाश सांगितलं. आधी कानामागची यंत्रं लावून बघायची, त्यानं भागलं नाही तर ऑपरेशनचा विचार करायचा, बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेमानं न्यायचं. लवकर. जमेल तेवढं लवकर.

मी विचारलं, "पण मी कानात नाव घेते तेव्हा ती हसते. रोज हसते."

तिनं कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "आज्जी, फुंकर लागते ना कानाला. गुदगुल्या होतात."

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. गंगी जागी होऊन आरतीच्या बांगड्यांशी खेळत होती. मी आरतीला म्हणाले, "दिवाळीत तू बोलली होतीस. मी तुझं तोंड बंद केलं. दहा महिने माझ्यापायी गेले." आरतीनं गंगीच्या कपाळाला चिकटून राहिलेला डिंक नखानं काढला. तिला बोलायचा हक्क होता आणि मी ऐकायला तयार होते. शेवटी ती म्हणाली, "आता आपण मोठ्यानं बोलू घरात. मला कुजबुजायचा कंटाळा आला अत्या."

लॉजवर पिशव्या घ्यायला गेलो तेव्हा साबेराबी चार नंबरमधली गादी उन्हात घालत होती. तिनं निकाल विचारला नाही. माझ्याकडे पाहिलं आणि गादी सोडून जवळ आली. म्हणाली, "दोन गोष्टी सांगते. मागून जाऊन हात लावू नका, लेकरू घाबरतं. समोर येऊन बसा, तोंड दिसू द्या, मग बोला. लांबून बोलवायचं असलं तर जमिनीवर पाय आपटा, तिला कळंल." मग वाकळीकडे बघून म्हणाली, "आणि ती कड माझ्यापायी फाटली. अर्शी लातूरलाच दिलीय, कधी आले तर औशाला येऊन शिवून देते."

"शिवीन मी," मी म्हणाले. "पण या."

मुनीबभाई काउंटरवरून ओरडले, "अक्का, पुढच्या खेपेला नऊ नंबर घेणार का?"

"तुमचं कोण ऐकतंय," साबेराबीच म्हणाली.

याला आता बारा दिवस झाले. घरी दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर मी विभूती घेऊन गंगीपुढे बसले आणि कानाशी तोंड न्यायची हिंमत होईना. मग निजामोद्दीनचा डबा आठवला. तिचा तळहात घेऊन मी माझ्या गळ्यावर ठेवला, लिंगाच्या दोऱ्याच्या वर, आणि मोठ्यानं नाव घेतलं. तिनं हात काढून घेतला. दुसऱ्या दिवशीही काढून घेतला. तिसऱ्या दिवशी राहू दिला. हसली नाही. माझ्या ओठांकडे बघत राहिली, फार लक्ष देऊन. तेव्हापासून रोज तसंच चाललं आहे. हे हल्ली बातम्या आवाज सोडून ऐकतात.

पत्रे ठोकणाऱ्यांचं काम अजून चालूच आहे. आरती बाहेर आली, म्हणजे गंगी झोपली. यंत्रांसाठी सरकारी योजनेचा अर्ज भरायचा आहे, त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. उद्या सकाळी अकराला मी आणि आरती औशाच्या तहसीलमध्ये त्या दाखल्याचा अर्ज द्यायला जाणार आहोत. येताना काळ्या दोऱ्याचं रीळ आणायचं आहे.